वेटिंग नंबर बारा

१२ जून, बुधवार

वायेचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी वाढवली ती माझ्या ओरडण्यामुळे. "जे काही ओरडायचंय ते वहीत ओरड, अन्सेल्मो. घरात आता पुरे झालं." म्हणून ही वही. विमा कंपनीने ड्रायव्हिंग स्कूलला फुकट दिलेली आहे, निम्मी पानं कोरीच पडली होती.

मी ओरडत नाही. सत्तावीस वर्षं या एसिहा गावात लोकांना गाडी शिकवतोय. शेजारी बसलेला माणूस आपल्याला ट्रकखाली घालायला निघाला की आवाज चढतोच. ते ओरडणं नव्हे, तो ब्रेक. बायकोला हा फरक कळत नाही.

तर मुद्दा. आरासेली, आमची एकुलती एक मुलगी, विमानं बनवायची म्हणते. उडवायची नाहीत, बनवायची. गेल्या आठवड्यात तिची विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा झाली, निकाल यायचाय. सेवियाच्या सरकारी विद्यापीठात विमान इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या आणि देशभरची हुशार पोरं त्यांच्यावर टपलेली. बाप म्हणून मी पुढचं बघून ठेवलंय. माद्रिदजवळ एक खासगी विद्यापीठ आहे, एप्रिलमध्ये तिघं जाऊन आलो. काय ते वैभव! सगळी काच. आत शिरल्या शिरल्या कारंजं. विमान चालवल्याचा भास होतो असं एक यंत्र, त्यात निळे दिवे. आरासेलीने त्याला हात लावला तर गाइड म्हणाली, नको हं, ते फक्त बघायचं. बरोबरच आहे, महागाची वस्तू.

आज तिथल्या प्रवेश विभागाच्या लेतिसियाबाईंचा फोन आला. आवाज असा, की ब्रेडला लावून खावा. "सेन्योर ओस्तोस, तुमच्या मुलीसारख्याच मुली आम्हाला हव्यात. पण लवकर करा हं, तीनच जागा उरल्यात." मी तिथल्या तिथे अर्ज भरून टाकला. संध्याकाळी आरासेलीला सांगितलं.

"पपा, मला विचारलंस?"

"मी विचारून सीटबेल्ट लावतो का कुणाला?"

वाये एक अक्षर बोलली नाही, टोमॅटो चिरत राहिली. म्हणजे ती माझ्या बाजूने आहे.

१४ जून, शुक्रवार

निवड झाली! दहा मिनिटं व्हिडिओवर मुलाखत आणि दोन तासांत पत्र हजर. वर सोनेरी अक्षरांत 'अभिनंदन, भावी इंजिनिअर'. मी ते छापून स्कूलच्या काचेवर आतून चिकटवलं, रस्त्यावरून वाचता येतं.

"पपा, त्यांनी मला एकही गणित विचारलं नाही," आरासेली म्हणाली. "छंद विचारले."

"जाणती माणसं बोलण्यावरून पारखतात."

"निकाल लागायच्या आधीच?"

या पोरीला स्वतःचं चांगलं झालेलं बघवत नाही.

२० जून, गुरुवार

१२.४१! चौदापैकी १२.४१!! ओस्तोस घराण्यात आजवर एवढा आकडा फक्त रक्तातल्या साखरेचा आलेला आहे.

वायेचा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो आणि दोन्या विसी चालवत होत्या. दोन्या विसी, म्हणजे विसीबाई, या माझ्या सर्वांत जुन्या विद्यार्थिनी, वय सदुसष्ट. नवऱ्याने चाळीस वर्षं स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. तो गेला, आणि तेराव्या महिन्यात या माझ्या दारात. बहीण ओसुनाला राहते, तिच्याकडे स्वतः गाडी चालवत जायचं एवढंच त्यांच्या डोक्यात. चार वेळा नापास झाल्यात. आरासेलीचे मार्क ऐकून त्यांनी भर चौकात गाडी उभी केली, इंडिकेटर न देता, आणि हॉर्नवर तळहात ठेवला तो उचलेचनात. मागच्या गाड्यांनीही वाजवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं लग्न आहे.

संध्याकाळी बारमध्ये मी सगळ्यांना बिअर आणि गोगलगायींच्या वाट्या पाजल्या-चारल्या. गेल्या वर्षी सरकारीचा कटऑफ १२.३८ होता. म्हणजे आमची तीन शतांश वरच. सगळे म्हणाले, "झालं की मग! सेविया!" मी म्हटलं, बघू, आमचं माद्रिदचंही नक्की आहे.

खरं सांगायचं तर सरकारीत माझं मन नाही. मार्चमध्ये तिथेही गेलो होतो. कुणी या बसा म्हटलं नाही. कारंजं नाही. एक लांबच लांब वर्कशॉप, त्यात घोडीवर ठेवलेला विमानाचा जुना पंख, अर्धा उघडा. कोपरापर्यंत काळी झालेली एक विद्यार्थिनी त्याचे रिव्हेट काढत होती. तिने आरासेलीला सरळ हत्यार हातात दिलं, म्हणाली, "घे, तूही काढ एक." आमची पोर तासभर तिथून हलेना. नवीन जॅकेटला ग्रीस लागलं ते अजून निघालेलं नाही. आणि घरी येताना गाडीभर गाणी म्हणत होती. कसली जागा ती!

२७ जून, गुरुवार

दोन्या विसी पाचव्यांदा नापास. यात माझी चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो.

परीक्षेत मी शेजारी बसतो, परीक्षक मागे. माझ्या पायाशी दुसरे ब्रेक-क्लच असतात, पण त्या दिवशी त्यांना पाय लावायचा नाही. लागला की विद्यार्थी जागच्या जागी नापास. स्टेशनच्या बाजूच्या गोल चौकात डावीकडून ट्रक आला आणि माझा पाय गेला.

"मी थांबतच होते!" दोन्या विसी ओरडल्या.

"अहो, ट्रक होता!"

"दिसला होता मला! तुझ्या आधी दिसला होता, अन्सेल्मो!"

परीक्षक वहीत काहीतरी खरडत म्हणाला, "ओस्तोस, या वर्षातली तुमची ही चौथी." माझी? नापास त्या झाल्या, मी नाही. काय एकेक माणसं असतात.

घरी आलो तर आरासेली सरकारीचा फॉर्म भरून मोकळी झालेली. पसंतीक्रमात वीस रकाने, हिने एकच भरला. विमान इंजिनिअरिंग, सेविया. बाकी एकोणीस कोरे. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, आजच्या पानावर जागा नाही.

लेतिसियाबाईंचा फोन होता. तीनच जागा. नशीब, अजून टिकून आहेत.

९ जुलै, मंगळवार

पहिली यादी लागली. कटऑफ १२.५८. यंदा जगातली सगळी पोरं हुशार झालीत. आरासेली वेटिंगवर, नंबर एकतीस.

पोर खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. उठली, तोंड धुतलं आणि ड्युटीवर गेली. उन्हाळ्याभर ती नगरपालिकेच्या जलतरण तलावावर जीवरक्षक आहे. उंच खुर्चीवर बसायचं, गळ्यात शिट्टी, फोन लॉकरमध्ये.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढलाच. "झालं ना आता? अठरा तारखेला दुपारी दोनपर्यंत खासगीत पक्कं करायचंय. चल, उद्या करून टाकू."

"मी थांबणार आहे."

"एकतीस नंबर आहे तुझा!"

"लोक हलतात, पपा. कुणाला बार्सेलोनात मिळतं, कुणाला मेडिकलला."

"आणि नाही हलले तर? खासगीही गेलं, सरकारीही गेलं, बस वर्षभर शिट्टी वाजवत! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे माझ्या वडिलांनी मला सांगितलं आणि मी तुला सांगतोय."

"आजोबांनी सांगितलं तेव्हा तू काय केलंस?"

"ऐकलं!"

का कोण जाणे, त्यानंतर मला जेवण जाईना. सालमोरेखो, ते टोमॅटोचं गार सूप, कोमट झालं होतं, मी नुसताच ब्रेड खाल्ला.

११ जुलै, गुरुवार

एक नवीन शहाणपण कळलं. मला वाटायचं, रांगेत उभं राहिलं की राहिलं. तसं नाही. प्रत्येक यादीनंतर तीन दिवसांत वेबसाइटवर जाऊन पुन्हा सांगायचं, मी अजून थांबलोय. नाही सांगितलं तर नाव कायमचं कटाप. नंबर दुसरा असला तरी. "हा काय जुलूम?" मी म्हटलं. आरासेली म्हणाली, "ज्याला खरंच हवंय तो सांगेल ना?" आणि तिने बटण दाबलं.

वाये तिच्या सेवियातल्या मावसबहिणीशी पाऊण तास फोनवर होती. बायकांना काय एवढं बोलायला सापडतं देव जाणे.

१६ जुलै, मंगळवार

दुसरी यादी. नंबर बारा.

एकतीसचे बारा झाले हे खरं, पण बारा म्हणजे काही एक नव्हे. आता पुढची यादी शेवटची, तेवीसला. आणि खासगीची मुदत परवा, अठराला दुपारी दोन. योगायोग असा की सरकारीत 'थांबलोय' सांगायची मुदतही परवा दोनच.

आज मात्र मी ठणकावून सांगितलं. आवाज चढला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, या उकाड्यात. "या घरात अजून मी बाप आहे! तुझं आयुष्य असं जुगारात लावू देणार नाही! मी ठरवणार!"

आरासेलीने शांतपणे एक कागद घेतला, त्यावर सरकारी वेबसाइटचा आपला गुप्त कोड लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. शेजारी खासगीच्या प्रवेशाचा कागद ठेवला, त्यावर आपली सही करून.

"ठरव मग. मी दोन्हीला हात लावणार नाही. परवा दोनपर्यंत तू एक काहीतरी कर. जे करशील त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, तुझी शपथ."

"खरंच?"

"खरंच. फक्त नीट बघून कर."

जिंकलो! एवढ्या दिवसांनी पोरीला अक्कल आली. वायेकडे बघितलं तर ती हसत होती. तिलाही बरं वाटलं असणार.

१७ जुलै, बुधवार

जिंकलो तर झोप का लागली नाही? उकाडा. त्रेचाळीस अंश.

वाये जुन्या सिंगल गादीला ऊन देतेय. कुणासाठी म्हटलं, तर म्हणे मावसबहिणीला हवीय. तिच्याकडे गाद्या नाहीत का?

१८ जुलै, गुरुवार. सकाळी अकरा

परीक्षा केंद्राबाहेर गाडीत बसून लिहितोय. दोन्या विसींचा सहावा प्रयत्न, नंबर यायला दीड तास आहे. त्या झाडाखाली रोझरीचे मणी ओढतायत. माझ्या मांडीवर फोन, फोनखाली दोन कागद.

खासगीचं दोन मिनिटांचं काम आहे. काल रात्रीच करू शकलो असतो. आज सकाळीही. करत का नाहीये?

लिहूनच टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

१९८९ साली मीही थांबलो होतो. सेवियाला, यंत्रांच्या इंजिनिअरिंगला, वेटिंगवर चौथा. तेव्हा वेबसाइट नव्हती, जाऊन सही करायची असायची. काकांच्या तेलाच्या गिरणीत टँकर चालवायची नोकरी होती आणि वडील म्हणाले, हातचं सोडू नको. सही करायला जायच्या दिवशी मी बसस्टँडपर्यंत गेलो होतो. परत आलो. सप्टेंबरात कळलं, यादी अकरापर्यंत गेली.

वायेला मी सांगितलंय की मला अभ्यासाचा कंटाळा होता. सगळ्यांना तेच सांगितलंय. पस्तीस वर्षं झाली. सेवियाला जायच्या रस्त्यावर अजूनही त्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीकडे मी बघत नाही, मान आपोआप दुसरीकडे वळते. वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, अजून.

हाक आली.

तोच दिवस, रात्री अकरा

लिहायची घाई झालीय, अक्षर लागलं नाही तर नाही.

एक वाजता निघालो. तोच परीक्षक मागे. दोन्या विसींनी आरसे लावले, पट्टा लावला, छातीवर क्रॉसची खूण केली, आणि गाडी अशी काढली की मीही बघत राहिलो. वीस मिनिटं एक चूक नाही. मग तोच स्टेशनचा गोल चौक. डावीकडून पांढरी व्हॅन, मुसंडी मारून, फोनवर बोलत असलेला माणूस. माझा पाय उचलला गेला. देवा शपथ सांगतो, तो पाय माझा नव्हताच, सत्तावीस वर्षांची सवय होती ती. मी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा पकडला आणि मागे ओढला. जन्मात एवढा जोर लावला नसेल. एक सेकंद. दीड सेकंद. दोन्या विसी शांतपणे थांबल्या. धक्कासुद्धा बसला नाही. व्हॅन गेली. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि निघाल्या.

त्यांना दिसत होतं. दर वेळी दिसत होतं. मीच त्यांना कधी थांबू दिलं नाही.

उतरताना परीक्षक म्हणाला, "ओस्तोस, आज पाय घरी ठेवून आलात वाटतं." निकाल संध्याकाळी वेबसाइटवर लागतो, आधी सांगता येत नाही, पण तो हसत होता.

दोन्या विसी माझ्याकडे वळल्या. "अन्सेल्मो, तू मला पाच वेळा सांगितलंस, काही नाही होत, परत बसू. सहाव्यांदाही बसवलंस. माझं वय सदुसष्ट. तुझी पोरगी अठराची आहे ना रे?"

वेटिंगचं त्यांना कुणी सांगितलं? बारमध्ये मीच सांगितलं असणार सगळं.

तेवढ्यात फोन. लेतिसियाबाई. एक वाजून एक्केचाळीस मिनिटं.

"सेन्योर ओस्तोस! वीसच मिनिटं राहिलीत, मी तुमच्यासाठी थांबलेय. तीनच जागा उरल्यात."

"बाई," मी म्हटलं, "बारा जूनला तीन होत्या. सत्तावीसला तीन होत्या. महिनाभर तुमच्याकडे कुणी फिरकलंच नाही का, की जागा पिल्लं घालतायत?"

बाईंच्या आवाजातला मध एकदम पातळ झाला. "मी तुमच्या मुलीच्या भविष्याचाच..."

"माझ्या मुलीचं भविष्य बारा नंबरवर उभं आहे आणि ते थांबणार आहे. तुमच्या कारंज्याला माझा नमस्कार सांगा."

फोन ठेवला. मग सरकारी वेबसाइट. घामाने बोटं ओली, दोनदा कोड चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर बंद पडतं म्हणे. दोन्या विसी एकेक आकडा मोठ्याने वाचत होत्या आणि मी दाबत होतो. एक वाजून बावन्न मिनिटांनी स्क्रीनवर आलं: आपण प्रतीक्षा यादीत कायम आहात.

मी गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. टप तापलेला होता, हात भाजला. भाजू दे!

घरी आलो तर वाये टेबलाशी बसलेली, पुढे तिचा फोन, वेबसाइट उघडलेली, शेजारी कोड. माझ्याकडचाच कोड, तिच्या अक्षरात.

"हे काय?"

"पावणेदोनपासून बसलेय. दोनला पाच कमी असताना मी दाबणार होते, पण त्याआधीच तू दाबलेलं इथे दिसलं."

"एवढाच विश्वास माझ्यावर?"

"विश्वास होता रे. पण ब्रेकवर पाय ठेवला होता." आणि हसत सुटली. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर संसार केल्यावर बाई बिघडणारच.

आरासेली नऊ वाजता आली. शपथ घेतलेली, म्हणून विचारीना. चप्पल काढली, पाणी प्यायली, परत चप्पल जागेवर लावली. शेवटी मलाच राहवेना.

"दाबलं."

"कुठलं?"

"थांबायचं."

तिने मला अशी मिठी मारली की क्लोरीनचा वास अजून शर्टाला आहे. आणि हो, दोन्या विसी पास. पास! पास!! पहिला फोन त्यांनी बहिणीला केला, दुसरा मला. "मुलीला सांग, नंबर लागतो म्हणावं."

२२ जुलै, सोमवार

उद्या. नाही लागला तर वर्ष वाया जाईल आणि ते मी घालवलेलं असेल. खासगीची जागाही आता नाही. भीती वाटतेय, लपवत नाही. पण दाबलं त्याचा पश्चात्ताप शोधून पाहिला, सापडला नाही.

२३ जुलै, मंगळवार

एक वाजता यादी. मी ऑफिसात, दार आतून लावून. नाव टाकलं, कोड टाकला. चाक फिरतंय, फिरतंय, फिरतंय. आणि मग हिरव्या पट्टीत दोन शब्द: प्रवेश मंजूर.

मी तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. मग ओरडलो. हो, ओरडलो! शेजारचा चाव्या बनवणारा धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला. मी त्याचा मुका घेतला.

गाडीची किल्ली सापडेना, तसाच पळत सुटलो. भर उन्हात, रस्त्यावर कुत्रं नाही, त्रेपन्न वर्षांचा जाडा माणूस तलावाकडे धावतोय. फाटकावरच्या बाईने तिकीट विचारलं, मी म्हटलं, नंतर देतो! आत शिरलो तर आरासेली समोर, उंच खुर्चीवर. मी बूट घालूनच काठावर गेलो आणि तिने शिट्टी फुंकली. करकचून. सख्ख्या बापावर.

"पपा! बूट! काठावर बूट चालत नाहीत!"

"मंजूर!" मी ओरडलो. "आरासेली, मंजूर! सेविया! मंजूर!"

शिट्टी तोंडातून गळली. तिने पाण्याकडे बघितलं, पोहणारी सगळी डोकी मोजली, हाताने सहकाऱ्याला खूण केली, तो येऊन खुर्चीखाली उभा राहिला, आणि मगच ती उतरली. एवढ्या आनंदातही! मी ते बघत होतो आणि छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण जाईल असं वाटलं. मग ती धावत आली. तिच्याच नियमानुसार काठावर धावणं मना आहे. दोघंही पाण्यात पडलो, मी बुटांसकट. पन्नास पोरं टाळ्या पिटत होती. पोहता मला येत नाही, पण जीवरक्षक जवळच होती.

२६ जुलै, शुक्रवार

आज सेवियाला जाऊन प्रवेश पक्का केला. वायेने सांगितलं, राहायची सोय मावसबहिणीकडे केलेली आहे, गादी परवा टेम्पोने गेली. कधी ठरलं हे? म्हणे जूनमध्ये. मी या घरात भाडेकरू आहे.

खिडकीवरच्या बाईंनी कागद घेतले, यादी बघितली. "अरे वा, बारावी. तुमच्यापर्यंत येता येता संपलीच यादी. शेवटची जागा."

"शेवटची?" आरासेली म्हणाली.

"हो ना. आणि तुमच्या पुढच्या तिघांनी अठरा तारखेला बटणच दाबलं नाही. दाबलं असतं तर तुम्ही बाहेर. दर वर्षी असतात असे. थकतात, नाहीतर घरचे म्हणतात पुरे आता." शिक्का मारला, ठप्प, आणि कागद आमच्या हातात.

वर्कशॉपच्या दारातून आरासेलीने मला तो पंख पुन्हा दाखवला. या वेळी मी आत जाऊन त्यावरून हात फिरवला. गार होता. बाहेर आल्यावर हात पुसला नाही.

येताना गाडी तिने चालवली. मागच्या काचेवर नवशिक्याचा हिरवा 'एल'. कार्मोना गाव मागे पडेपर्यंत आम्ही बोलत होतो, आणि मग ती एकदम म्हणाली, "त्या तिघांचं काय झालं असेल रे, पपा?"

त्या तिघांबद्दल मला काय माहीत? पण एकाबद्दल माहीत होतं. मी सांगितलं. चौथा नंबर, बसस्टँड, परत फिरलो ते, यादी अकरापर्यंत गेली ते, आणि मी गेली पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेलं खोटं. मान न वळवता, रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं. माणसाला मनातलं सांगायचं असेल तर गाडीसारखी जागा नाही, कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

तिने वेग थोडा कमी केला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे शिकवले तसे.

"म्हणजे त्या गुरुवारी तू दोघांसाठी दाबलंस," ती म्हणाली.

मी गॉगल लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर वाळलेली सूर्यफुलं माना खाली घालून मैलच्या मैल उभी होती. मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, आणि रडताना एवढं हलकं वाटत होतं की थांबावंसंच वाटेना. तिने रेडिओचा आवाज थोडा वाढवला, मला ऐकू येऊ नये म्हणून, का तिला ऐकू येऊ नये म्हणून.

मग पुढे एक ट्रक आला, ऑलिव्हच्या पिंपांनी भरलेला, साठच्या वेगाने रखडत चाललेला.

"पपा, टाकू का मागे?"

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "गाडी तू चालवतेयस."

तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि ट्रक मागे टाकला.